यमुनाबाईंच्या नावाचा डबा

द्वारका साळवे यांना मुक्ताई अपार्टमेंटमध्ये कुणीही द्वारकाबाई म्हणत नाही. सगळे सिस्टर म्हणतात. चौतीस वर्षं नर्सची नोकरी करून त्या निवृत्त झाल्या, त्यालाही आता सहा वर्षं होतील. पण वारज्यातल्या या चार मजली इमारतीत कुणाचं पोर तापलं, कुणाचं बीपी चढलं, की पहिली बेल वाजते ती तिसऱ्या मजल्यावर साळव्यांकडे. सिस्टर जातात, इंजेक्शन देतात आणि जाता जाता पेशंटची हजेरीही घेतात. हात इतका हलका की सुई टोचलेली कळत नाही. जिभेचं मात्र तसं नाही.

यंदाच्या नाताळात सिस्टरांचं डोकं आठवडाभर आधीपासूनच फिरलेलं होतं. सुरुवात सूनबाईंनी केली. सुरुची फोन हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मुलांबरोबर करायच्या नाताळच्या पंचवीस परंपरा दिल्यात यात. किती गोड आहेत!"

"पंचवीस?" सिस्टर करंज्यांची कणीक तिंबत होत्या. "आपल्या एका परंपरेला हल्ली माणसं मिळेनात, पंचवीस कुठून करू? शिफ्ट लावू का?"

सुरुचीनं ते मनावर घेतलं नाही. ती बिचारी कधीच घेत नाही. दोन दिवसांनी कुरियर आलं. घरातल्या पाचही जणांना एकसारखे लाल पायजमे आणि त्यावर पांढरी हरणं. सिस्टरांच्या साइजचासुद्धा होता. त्यांनी तो उलगडून पाहिला, पुन्हा घडी घातली आणि विचारलं, "हे घालून मी चर्चमध्ये उपासनेला जायचं?" नाही, फक्त फोटोपुरतं, असं ठरलं.

आता साळव्यांची ती एक परंपरा सांगायला हवी. दिवाळीत इमारतीतून त्यांच्याकडे फराळाचे डबे येतात. डबा रिकामा परत करायचा नाही, हे तर कुठल्याही घरातलं पोर सांगेल. पण सिस्टर ते लगेच भरूनही पाठवत नाहीत. डबे घासूनपुसून वरच्या फळीवर मांडतात आणि दोन महिने थांबतात. नाताळला त्यात करंज्या, शंकरपाळे, नानकटाई आणि केकचा जाड तुकडा भरला जातो, आणि उपासनेहून आल्यावर घरातली मुलं एकेका दारात डबे पोचवून येतात. पूर्वी रणजित, म्हणजे सिस्टरांचा मुलगा, डबे घेऊन जिने उतरायचा. आता त्याच्या मुली उतरतात, दहा वर्षांची ऋतिका आणि सहा वर्षांची सृष्टी. "डब्यावर नाव कोरलेलं असतं, ते वाचायचं आणि त्या दारात द्यायचा," हे सिस्टरांनी दोघींनाही अक्षरओळख होण्याआधीच शिकवलेलं.

एके काळी फळीवर अकरा डबे असायचे. यंदा चार. बाकीच्यांनी फराळ प्लास्टिकच्या खोक्यांतून पाठवला आणि वर गोड आवाजात सांगितलं, "सिस्टर, डबा परत नको हं." सिस्टरांना या वाक्याची चीड येते. परत नको म्हणजे काय? मग नाताळ काय पिशवीत भरून पाठवायचा?

आणि जो डबा सगळ्यांत आधी यायचा, तो यंदा आलाच नव्हता. तो तळमजल्यावरच्या यमुनाबाई शिराळ्यांचा.

शिराळे मूळचे परभणीकडचे. वैजनाथराव कारखान्यात नोकरीला म्हणून पुण्यात आले आणि इथलेच झाले. पंचवीस वर्षं झाली. त्यांना साखरेचा विकार. सहा वर्षं सिस्टर रोज सकाळी सातला खाली उतरून त्यांना इन्सुलिन द्यायच्या, एक पैसा न घेता. यमुनाबाई त्यांना चहा द्यायच्या. नाताळात शिराळ्यांच्या डब्यात वेगळ्या करंज्या जायच्या, मटारच्या, तिखट. गोड करंज्यांना कातण फिरवायचं आणि या तिखट करंज्यांना हातानं मुरड घालायची, म्हणजे गल्लत नको.

मग जूनमध्ये तो प्रकार झाला. सकाळी साखर तीनशे ऐंशी निघालेली, आणि अकरा वाजता सिस्टर भाजी घेऊन येतात तो काय, मीटरच्या पेटीमागे स्कूटरवर बसून वैजनाथराव पुडीतून जिलबी खातायत! सिस्टरांचा तोल गेला. जिन्यात सात-आठ माणसं उभी होती. त्या सगळ्यांदेखत त्या ओरडल्या, "मरायचंच असेल ना शिराळे, तर गावाला जाऊन मरा! इथं माझ्या डोळ्यांसमोर नको!"

दार उघडून यमुनाबाई बाहेर आल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला. "आम्ही कुठं मरायचं ते आमचं आम्ही बघू," त्या म्हणाल्या. "उद्यापासून सुई घेऊन येऊ नका."

झालं. सहा महिने दोघी एकाच जिन्यात राहून एकमेकींकडे बघत नाहीत. सिस्टर दर चार दिवसांनी रणजितला विचारतात, "मी खोटं काय बोलले, सांग बरं." रणजित म्हणतो, "खोटं नाही गं आई, पण..." "पण काय?" यावर रणजितला नेमका कुणाचा तरी फोन येतो.

चोवीस तारखेला संध्याकाळी सिस्टरांनी मटाराचं सारण परतलं आणि बारा करंज्यांना मुरड घातली. सुरुचीनं विचारलं, "या कुणासाठी, आई?"

"मटार स्वस्त झालेत."

"पण आपल्याकडे मटार कुणी खात नाही."

"मग बघत बसा त्यांच्याकडे," असं म्हणून सिस्टरांनी ताटलीवर ताटली झाकली आणि ती ओट्याच्या कोपऱ्यात सारून दिली.

नाताळच्या दिवशी उपासनेहून यायला साडेबारा वाजले. आल्या आल्या फोटोचं प्रकरण सुरू झालं. सिस्टर पायजमा घालायला तयार नाहीत म्हणून सृष्टीनं भोकाड पसरलं. शेवटी सिस्टरांनी तो घातला. पाच जणांचा हरणवाला फोटो निघाला, आणि तो कुणाकुणाला पाठवायचा यात सुरुची बुडून गेली. मुली टॅबलेट घेऊन सोफ्यावर लोळल्या. एक वाजला, दीड वाजला, डबे भरलेले ओट्यावर तसेच.

"उठणार आहात का आज?" सिस्टर कडाडल्या. "लोकांची जेवणं होतील, झोपा होतील, मग जाणार दार वाजवायला?"

ऋतिकानं टॅबलेटवरची नजर न हलवता विचारलं, "आजी, कुठला डबा कुणाचा?"

"दरवर्षी सांगायचं का? नाव वाचता येतं ना तुला? वाच, त्या दारात दे आणि ये! मला काही विचारू नका, माझं डोकं उठलंय." सिस्टर आपल्या खोलीत जाऊन डोक्याला बाम चोळून पडल्या. पायजमा बदलायचंही त्यांना सुधरलं नाही.

पाऊण तासानं मुली परतल्या त्या तक्रारी घेऊनच. दुसऱ्या मजल्यावरचे लोक गोव्याला गेलेत, डबा शेजारी ठेवला. चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, आम्ही साखर सोडली. एका घरात तर त्यांना देणगी मागायला आलेल्या मुली समजले.

"बरं, पण चारही डबे गेले ना?"

"पाच," ऋतिका म्हणाली.

"चार होते."

"आजी, तू खालच्या आजींचा विसरली होतीस! फळीवर अगदी मागे होता. यमुनाबाई वैजनाथ शिराळे, असं नाव होतं. मी स्वतः वाचलं." पोरीला शाबासकी हवी होती. "त्यातला रवा आम्ही पातेल्यात ओतला आणि तुझ्या मटारच्या करंज्या भरल्या. रिकामा द्यायचा नसतो ना?"

सिस्टर उठून बसल्या. तो डबा फराळाचा नव्हताच. बारा वर्षांपूर्वी रणजितच्या लग्नात यमुनाबाईंनी दिलेला तो आहेराचा डबा. आहेराच्या भांड्यावर नाव देणाऱ्याचं असतं, घेणाऱ्याचं नाही, हे त्या दहा वर्षांच्या पोरीला कोण सांगणार? तिनं आजीचा नियम अक्षरशः पाळला होता. आणि लग्नात दिलेलं भांडं सहा महिन्यांच्या अबोल्यानंतर परत पाठवायचं म्हणजे सरळ सांगायचं, तुमची आठवणसुद्धा आमच्या घरात नको.

"काय म्हणाल्या त्या?" सिस्टरांनी विचारलं.

"काहीच नाही. डब्यावरचं नाव वाचलं आणि दार लावून घेतलं."

"मला खाऊपण नाही दिला," सृष्टी म्हणाली.

मग सिस्टरांनी सगळ्यांना फैलावर घेतलं. रणजितला, कारण तो घरात असून लक्ष देत नाही. सुरुचीला, कारण तिच्या पंचवीस परंपरांपायी एक धड होत नाही. रव्यालाही चार शब्द ऐकावे लागले. ऋतिकाचे डोळे भरले तेव्हा त्या थांबल्या. तिला जवळ घेऊन म्हणाल्या, "तुझं काही चुकलं नाही, बाळ. मीच विचारू नका म्हणाले."

"मी जाऊन सांगतो त्यांना," रणजित म्हणाला.

"तू गप्प बस. तुला सांगायला जमलं असतं तर जूनमध्येच जमलं असतं."

आणि सिस्टर निघाल्या. तीन मजले उतरताना त्यांना स्वतःचाच इतका संताप आला होता की पायरी दिसत नव्हती. सहा महिने ताठ मान ठेवली, ती काय अशी खाली घालायला? एक तर चूक आपली नाही, त्यात आपणच जाऊन खुलासे करायचे! पण पाय थांबत नव्हते. यमुनाबाईंनी वर्षभर अबोला धरला असता तरी चाललं असतं. त्यांना आपण तोडलं असं वाटावं, हे मात्र सिस्टरांना सोसेना.

बेल वाजवली. दार उघडलं. यमुनाबाईंनी सिस्टरांकडे पाहिलं, मग खाली पायजम्यावरच्या हरणांकडे पाहिलं. सिस्टरांच्या आत्ता ध्यानात आलं. पण आता काय!

"यमुनाबाई, पोरीनं घोळ घातला. तो डबा फराळाचा नाही. माझा आहे. म्हणजे दिलेला तुम्हीच, पण माझा आहे. रवा असतो त्यात. मी परत पाठवलेला नाही!"

यमुनाबाईंनी दार पुरतं उघडलं. "नाव वाचलं अन् हातपाय गळाले माझे," त्या म्हणाल्या. "म्हणलं, झालं. सिस्टरनं तोडलं. लग्नाचा आहेर माघारी आला."

"अहो, तोडायचं असतं तर मी लेकरांच्या हाती पाठवलं असतं का? स्वतः येऊन चार शब्द सुनावले असते."

"ते बी खरंच." यमुनाबाईंच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. "मग झाकण उघडलं. मुरडीच्या करंज्या दिसल्या. म्हणलं, तोडणारं माणूस मुरड घालत बसंल का?"

"मटार स्वस्त झालेत," सिस्टर म्हणाल्या.

"हो का? बरं, डब्याचं समजलं." यमुनाबाई दारातच उभ्या होत्या. "जूनचं काय?"

आतल्या खोलीत पलंगावर वैजनाथराव बसले होते. हातात अर्धी करंजी. बनियनच्या बाहीखाली दंडावर काळेनिळे डाग, कुण्या अडाण्यानं कशीतरी सुई खुपसल्याचे. माणूस निम्मा झाला होता. मी खोटं काय बोलले, हे वाक्य सिस्टरांच्या जिभेवर तयार होतं. सहा महिने घोटलेलं. त्यांनी ते गिळलं.

"चुकले मी," त्या म्हणाल्या. चौतीस वर्षांत मोठमोठ्या डॉक्टरांपुढे हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. "तीनशे ऐंशी होती हो त्या दिवशी. मला वाटलं, हे आता हातचे जातात. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी रागावते. माझं पहिल्यापासून असंच आहे. पण गावाला जा असं मी तुम्हाला म्हणायला नको होतं. मी तरी कुठली इथली? माझे वडील जामखेडहूनच आले ना. चुकले."

यमुनाबाई वळून आत गेल्या. सिस्टर दारातच उभ्या, हरणं घालून. जिन्यातून कुणी येऊ नये एवढीच त्यांची प्रार्थना होती. आतून भांड्यांचा आवाज आला. यमुनाबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात दरवर्षीचा तो दिवाळीचा डबा होता, एका बाजूला चेपलेला.

"दिवाळीला भरला होता," त्या म्हणाल्या. "दोनदा निघाले. पहिल्या मजल्यावरूनच माघारी आले. वर यायला तोंड होईना, अन् फेकून द्यायला हात होईना."

त्यांनी झाकण काढलं. दोन महिन्यांच्या चिवड्याचा तेलकट, कुबट वास आला. शेंगदाणे काळपट पडले होते.

सिस्टरांनी डब्यात हात घातला, मूठ भरली आणि तोंडात टाकली.

"खवट झालाय," त्या म्हणाल्या.

"थुका की मग! नर्स ना तुम्ही?" यमुनाबाई रडत होत्या.

सिस्टरांनी घास गिळला, आणि दुसरी मूठ भरली.