सासूबाई बंद करण्याची शिफारस

औषधांच्या दुकानांच्या साखळीत छत्तीस सर्व्हर होते आणि ते सांभाळायला एकटी ती. पूर्वी एकेका यंत्राला लांबून जोडून घेत ते अद्ययावत करण्यात तिचा अख्खा आठवडा जाई. मग तिने एक साधन लिहिलं. काळ्या पडद्यावर एक ओळ टाईप केली, की छत्तिसांची कामं उरकत आणि शेवटी कुणाची तब्येत कशी आहे याचा अहवाल येई.

यंत्रांचे आकडी पत्ते ध्यानात राहीनात, म्हणून तिने त्यांना सासरची नाती दिली. मोठ्या सासरचा तिला झालेला हा एकमेव फायदा. नाती वाटताना स्वभाव पाहिले होते का, यावर ती आजही बोलत नाही.

एका शनिवारी तिने घरी अहवाल छापायला लावला आणि ती अंघोळीला गेली. बाहेर येते तो सासूबाई मटार सोलायचे सोडून, चष्मा लावून कागद वाचत होत्या. शेजारी थोरली नणंद, तोंड फुगवून.

‘थोरली नणंद: जागा भरली, अनावश्यक सामान काढावे. मामेसासरे: प्रतिसाद नाही. धाकटे दीर: तीन वर्षांत एकही सुधारणा नाही. सासूबाई: फार जुन्या. बंद करून नवीन आणण्याची शिफारस.’

सासूबाईंनी शांतपणे विचारलं, “नवीन कुठून आणणार आहेस?”

ही यंत्रं आहेत, दहा वर्षांवरचं प्रत्येक यंत्र बंद करा असा साहेबांचा नियम आहे, हे तिने तीनदा सांगितलं. नणंदेला पटेना, दिरांबद्दलचं मात्र तंतोतंत खरं आहे, असं ती म्हणाली. सासूबाईंनी लॅपटॉप उघडायला लावला. आपल्या नावाचं यंत्र मुख्य गोदामाचं आहे आणि सगळी दुकानं त्यालाच विचारून चालतात, हे कळल्यावर त्या जरा सावरून बसल्या.

“हिला सोमवारी बंद केलंस तर?”

“सगळी दुकानं आंधळी होतील. पण साहेबांना कोण सांगणार?”

“तू सांगणार. घे लिहून.”

आणि त्यांनी मजकूर सांगितला: जुनी आहे, पण तिच्यावाचून अजून कुणाचं पान हलत नाही. नवी आणा, वर्षभर तिच्या हाताखाली ठेवा, मग बघू.

सुनेने शब्दही न बदलता पाठवून दिलं. साहेबांचं उत्तर दुपारीच आलं. इतका मुद्देसूद तांत्रिक सल्ला आपल्याला प्रथमच मिळाला, असं त्यांनी लिहिलं होतं आणि वर्षाची मुदत मान्य केली होती.

तेव्हापासून दर शनिवारी सून ओळ टाईप करते आणि थांबते. सासूबाई हात पुसत येतात, ओळ एकदा मोठ्याने वाचतात, जमेल तशी, आणि शेवटचं बटण स्वतः दाबतात.