नियंत्रण गटातले जावई

सदर इसमाचे वर्णन येणेप्रमाणे : वय एकाहत्तर. उंची मध्यम, पूर्वी किंचित जास्त. डोक्यावरील केस व्यवसायास शोभणार नाहीत इतके विरळ. प्रकृती वयानुरूप, म्हणजे तक्रार करण्यास पुरेशी. व्यसन नाही. हुद्दा : तीन खुर्च्यांच्या केशकर्तनालयाचे भावी मालक. हा हुद्दा सदर इसम लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून अखंड भूषवीत आहेत.

गल्लीत त्यांना 'धाकटे' म्हणतात. एकाहत्तराव्या वर्षी माणसाला धाकटे म्हणवून घ्यावं लागतं ते एकाच कारणानं : थोरले अजून हयात असतात. थोरले म्हणजे त्यांचे सासरे, वय नव्व्याण्णव. रोज सकाळी स्वतः शटर वर ढकलणारे आणि दिवसभर पहिल्या खुर्चीमागे उभे राहणारे. पहिली खुर्ची खिडकीजवळ. उजेड तिथे, रस्ता तिथे, मोठा आरसा तिथे. दुसरी खुर्ची धाकट्यांची, तिच्यावर ट्यूबलाइट. तिसरीवर धाकट्यांची बायको, म्हणजे थोरल्यांची लेक, लहान मुलांचे केस कापते. जावई हा दहावा ग्रह, असं म्हणतात. हा ग्रह जन्मभर एकाच सूर्याभोवती फिरत होता आणि सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता.

धाकट्यांना दुकान नको होतं, गल्ला नको होता. ती खुर्ची हवी होती. हाताला कंप सुटायला लागला होता. थोडासाच, पण वस्तऱ्याच्या धंद्यात थोडासाही पुरतो. हात पुरता जायच्या आत चार दिवस खिडकीपाशी उभं राहून काम करावं, रस्त्यानं जाणाऱ्यांनी बघावं, एवढीच इच्छा.

दुःखावर डागणी अशी की आरोग्याचे सगळे नियम पाळले होते ते धाकट्यांनी. बिनसाखरेचा चहा, अळणी जेवण, पहाटेचं फिरणं. थोरले जेवणानंतर सिगारेट ओढत, पावावर बोटभर जाड लोणी थापत आणि चष्म्याशिवाय गिऱ्हाइकाच्या कानातला केस हेरत. त्यांची बहीण शंभरी ओलांडून खुशाल होती. एक भाऊ चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेला, तर त्याचा विषय निघाला की घरात अजून "ऐन उमेदीत गेला बिचारा" असं म्हणतात.

"तुमच्या घराण्यात मरायची पद्धत नाही का गं?" धाकट्यांनी एकदा जेवताना बायकोला विचारलं.

"आहे की. पण घाई कोणी करत नाही."

"म्हणजे माझ्यामागे तू तीस वर्षं राहणार. एकटी काय करशील?"

"झोपेन. घोरणारं कोणी नसेल."

त्या दिवसापासून धाकट्यांना तिच्या काळ्याभोर वेणीचाही राग येऊ लागला. लग्नात सासऱ्यानं सगळं दिलं, घर दिलं, धंदा दिला, लेक दिली. आयुष्य मात्र आपल्याच रक्तात ठेवून घेतलं.

अशात विद्यापीठातल्या एक संशोधक बाई दुकानात आल्या. काही घराण्यांत माणसं इतकी जगतात, आणि धडधाकट जगतात, ती कशी, हे त्या रक्त तपासून शोधत होत्या. थोरल्यांचं रक्त घेतलं, लेकीचं घेतलं. धाकटे बाही वर करून आपणहून पुढे झाले.

"आम्ही काय, परकेच. पण घ्यायचं असेल तर घ्या."

"अहो, तुम्ही तर हवेच," बाई म्हणाल्या. "तुम्हाला नियंत्रण गटात घेतलंय."

जन्मभर भावी राहिलेल्या माणसाच्या कानावर असा शब्द पडू देणं धोक्याचं असतं. धाकट्यांनी तो पदरात पाडून घेतला. त्यांच्या लेखी अर्थ सरळ होता : थोरले तपासले जाणार, आणि त्यावर देखरेख जावयाची. शिकलेल्या माणसांना तरी किंमत कळली.

"आता नियंत्रण माझ्याकडे आहे," गिऱ्हाइकाच्या मानेवर पावडर मारता मारता ते सांगू लागले.

"कशाचं?" समोरच्या बेकरीवाल्यानं विचारलं.

"सगळ्याचंच. विद्यापीठातूनच ठरून आलंय."

सासऱ्यांनाही त्यांनी बजावलं, "बाबा, सिगारेट बंद. नियंत्रण!"

"बरं," थोरले म्हणाले आणि काडी ओढली.

काही महिन्यांनी बाई पुन्हा आल्या. दुकान भरलेलं होतं. पहिल्या खुर्चीवर बेकरीवाला तोंडभर साबण लावून बसला होता आणि थोरल्यांनी त्याचा एक गाल साफ केला होता. धाकट्यांनी हीच वेळ साधली.

"बाई, तुम्हीच सांगा यांना. नियंत्रण कोणाकडे दिलंय? आणि ज्याच्याकडे नियंत्रण, त्याला पहिली खुर्ची नको?"

बाईंना आधी खुर्चीचा संबंध कळेना. मग कळला, आणि त्या जरा ओशाळल्या.

"अहो, तसं नाही ते. नियंत्रण गट म्हणजे तुलनेला घेतलेली साधी माणसं. तुमचं घर एक, स्वयंपाक एक, तुमचं नि तुमच्या मिसेसचं वयही जवळपास तेच. वेगळं आहे ते रक्त. यांच्यात जे सापडेल ते खास आहे का, हे घरात बाहेरून आलेल्या माणसाशी ताडूनच कळतं. म्हणून आम्ही सून नाहीतर जावई घेतो."

"आणि सापडलं काय?"

"एकच असं काही नाही, बारीकसारीक पुष्कळ आहे. आजार यांनाही गाठतात, पण फार उशिरा."

"मग माझं फिरणं? अळणी जेवण?"

"ते अजिबात सोडू नका. तुम्हाला त्याची गरज आहे. यांना नव्हती, इतकंच."

"म्हणजे तराजूतलं वजन हो!" बेकरीवाला साबणातून बोलला. "माल पलीकडच्या पारड्यात!"

दुकान हसलं. तिसऱ्या खुर्चीवरून लेकही हसली. थोरले तेवढे हसले नाहीत. ते जावयाच्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी वस्तरा पुसला आणि मूठ पुढे करून धरला.

"घ्या, जावईबापू. इथे उजेड बरा आहे. हाताला सोपं जाईल."

म्हणजे कंप त्यांना दिसला होता. चष्म्याशिवाय. जे हक्कानं मिळालं नाही ते दया म्हणून मिळालं, तर घ्यावं की नाही, हा प्रश्न मोठा आहे; धाकट्यांनी त्यावर वेळ घालवला नाही. ते जाऊन पहिल्या खुर्चीमागे उभे राहिले. थोरले सरकून दुसऱ्या खुर्चीमागे गेले.

बेकरीवाल्यानं आरशात वस्तऱ्याकडे पाहिलं. वस्तऱ्याचं टोक हलत होतं. तो अर्ध्या दाढीनिशी, गळ्याभोवतीच्या कापडासकट उठला, "राग मानू नका हं" म्हणाला आणि दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसला. रांगेत थांबलेल्यांनी आपापली बुडं त्या बाजूला सरकवली.

तेव्हापासून सदर इसमाच्या हुद्द्यातून 'भावी' हा शब्द वगळण्यात आलेला असून पहिल्या खुर्चीचा पूर्ण ताबा त्यांच्याकडे आहे.

तिच्यावर टॉवेल वाळत घालतात.