सतराचा पाढा आणि आयरिश गाय

अमेरिकेत पाहुणा म्हणून येऊन तेथील गाईला पाढे ऐकविणारा मनुष्य माझ्या पत्नीच्या मामांखेरीज दुसरा झाला नसेल, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो; आमच्या अर्विंग गावातील निम्म्या मराठी मंडळींचे अर्ज माझ्याच हातचे असल्याने जबाबदारीने लिहिणे म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. मामा निवृत्त शाळामास्तर. घरी जन्मभर गाय. आल्या दिवशीच प्लास्टिकच्या कॅनमधले दूध हुंगून त्यांनी ते कोणत्या गाईचे, असे विचारले. मला सांगता येईना, तेव्हापासून ते चहा कोरा घेऊ लागले. अखेर मी त्यांना गावाबाहेर एका आयरिश म्हाताऱ्याच्या लहानशा फार्मवर नेले. हा गृहस्थ आजोबांच्या रीतीने जनावरे राखी: धार हातानेच, गाणे म्हणत काढी, पहिली धार जमिनीला देई, व्यालेल्या गाईच्या शेपटीला दृष्ट लागू नये म्हणून तांबडा दोरा बांधी. तो दोरा पाहून मामांनी निर्वाळा दिला, की माणूस आपल्यातला आहे.

पुढे म्हाताऱ्याचे मनगट मोडले. गाय त्याच्या हातावाचून नि गाण्यावाचून कोणालाच पान्हा सोडीना, आणि त्याच्या मुलीने ती विकण्याचे ठरविले. मामा पुढे सरसावले. पण त्यांना एकही गाणे येत नव्हते, म्हणून त्यांनी पाढे सुरू केले. सोळापर्यंत गाय ढिम्म. सतराला तिने पान्हा सोडला. “सतरा नवे एकशे चौपन्न,” असे म्हणून त्यांनी हात थांबविला. एकशे त्रेपन्न, असे मी नम्रपणे निदर्शनास आणले.

“जावईबापू, वरचा एक वासराचा,” मामा मागे न पाहता म्हणाले. “तुम्ही अर्ज लिहा.”

मी लिहिलाही. परतीची तारीख जवळ आली तेव्हा, गाईच्या स्वभावाच्या सविस्तर वर्णनासह, व्हिसाच्या मुदतवाढीसाठी चार पाने. मामांनी वाचले, दोन अनुस्वार सुचविले आणि कागद घडी करून खिशात घातला. “तिला माझीच सवय लागली, तर त्या बिचाऱ्याचे काय?” एवढेच म्हणाले. मग उरलेला महिनाभर त्यांनी म्हाताऱ्याकडून सतराचा पाढा घोकून घेतला. प्लास्टरमधला हात गाईच्या पाठीवर ठेवून तो म्हणे, आणि चुकला की मामा त्याला एकपासून पुन्हा म्हणावयास लावीत.

आता मामा मायदेशी परतले आहेत. म्हाताऱ्याचा हात बरा झाला आहे; गाय त्याच्याच गोठ्यात आहे. दर शनिवारी मी चरवी घेऊन जातो. तो अडखळत, जिभेच्या गाठी सोडवीत नवापर्यंत येतो, एकशे चौपन्न म्हणतो आणि वासरासाठी हात थांबवितो. त्या आकड्याला गाय मान वळवून दाराकडे पाहते. दारात मी असतो. मी दुरुस्ती सुचवीत नाही.