डीपीखाली कोण बसलं होतं?

मुलांनो, तुमच्याकडे वीज गेली तर दुरुस्तीला कोण येतं, असं मी परवा फोनवर विचारलं. तुम्हाला सांगता आलं नाही. मला एक लाइनमन आठवत होता, म्हणून विचारलं.

आम्ही कळंबजवळच्या गावात राहत होतो. कापसाची ती वर्षं वाईट होती, सगळ्यांचे डोळे पुढच्या पिकाकडे. मे संपता संपता वादळ आलं. पत्रे उडाले, झाडं तारांवर पडली, खांब वाकले. आमच्याकडचे लाइनमन पुरेनात, म्हणून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाहून, ढाणकीकडून काही जण घरदार सोडून आले. मुक्काम शाळेत, जेवण घरोघरी. आमच्याकडे जेवायला येणारा चाळिशीचा होता आणि बोलका.

एके दुपारी हात धुता धुता तो म्हणाला, "माय, डीपीखाली बसता का आज?"

"काहून?" मीही त्याच्याच बोलीत विचारलं.

डीपी म्हणजे आमच्या कुंपणापलीकडचा ट्रान्सफॉर्मर. त्याच्या पेटीतले चिनी मातीचे फ्यूज काढले की पुढच्या तारा बंद. त्याने ते काढून माझ्या ओंजळीत ठेवले. "मी सोता येऊन मागीन. दुसऱ्या कोणाले द्याचे नाही."

"मग खिशातच का नाही ठेवत?"

"फ्यूज नसले तं लोक तारेचा तुकडा टाकून लाइन चालू करतात न, माय! इथं माणूसच पायजे. जोडीदार तिकडच्या लाइनवर गेला. घराजवळ काम असलं तं माही बायको बसते. भाजी निवडते, पण जागची हालत नाही."

तिला हे कोणी शिकवलं असेल? भीती वाटत असेल का? मी विचारायच्या आत तो दोर खांद्यावर टाकून ओढ्याकडे गेलाही. तिथला खांब आंब्यांच्या आड होता, डीपीपासून दिसत नव्हता. मी खुर्ची आणि गवारीच्या शेंगा घेऊन बसले.

थोड्या वेळाने शेजारचे एक शेतकरी आले. विहिरीच्या भरवशावर त्यांनी सरकी आधीच लावली होती. हातात तारेचा तुकडा.

"काकू, उठा जराशा. लाइन जोडून झाली. मी तिकडूनच पायत आलो, खांबावर कोणीच नाही."

"ओढ्याकडे आहे तो."

"मले तं नाही दिसला. रोपं माना टाकून राह्यले, काकू. पुन्हा बी कुठून आणू?"

रोपांचं खरंच होतं, मी सकाळीच पाहिली होती. मी म्हटलं, "ही जागा माझी नाही हो, त्याच्या बायकोची आहे."

"कोणाच्या?"

मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ते तार बोटाभोवती गुंडाळू लागले.

"आन् ती उठतच नाही?"

"नाही म्हणतो."

"माही बायको असती तं आधी लाइट लावून पायली असती, मंग मले आवाज देला असता!" ते खाली बसले, चार शेंगा मोडल्या, पुन्हा उठले. "पाहूनच येतो."

परतले ते लाइनमनसोबत. तारेचा तुकडा हातात नव्हता.

"वरतेच होता," ते मला हळूच म्हणाले. "दोन्ही हातांनी तार धरून होता, काकू."

लाइनमनने हात पुढे केला. मी फ्यूज दिले. जरा वेळाने शेजाऱ्यांच्या विहिरीवरची मोटर सुरू झाल्याचा आवाज आला.

मोबाइलचा टॉवर बंद होता, पण आमच्या घरातला जुना फोन वादळातही चालू राहिला होता. त्यावरून लाइनमनने घरी फोन लावला. "झालं काम. हो, जेवलो. अवं, एक माय बसल्या होत्या." मग रिसीव्हर माझ्याकडे दिला. "तुमच्याशीच बोलाचं म्हणते."

"कोणी आलतं का मागाले?" तिने पहिल्यांदा हेच विचारलं.

"आलं होतं. तार घेऊन."

"मंग तुमी काय केलं?"

"गवार निवडली."

ती मोठ्याने हसली. मला हवं होतं ते मी लगेच विचारून घेतलं, "हे तुला कोणी शिकवलं गं?"

"सासूनं. सासरेही लाइनमनच होते. पहिल्या दिवशी मले लय भेव वाटलं. आताही वाटते, तवाच तं हालत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "उद्याही त्यायचं काम हाय म्हणते. बसान न, माय?"

"बसेन," मी म्हटलं, आणि लाइनमनला उद्याचा खांब कुठला ते विचारलं.