अक्काच्या बिसी बेळे भातावरचे संशय

तीन बायका रोज एका ओट्याशी उभ्या राहिल्या की किस्से आपोआप साठत जातात. कुणी मुद्दाम जमवत नाही. बाकीच्या किचनमधले किस्से भांडणांचे असतात, आमचे सगळे संशयाचे!

भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमध्ये तळमजल्यावर मीनाक्षी अक्काचं किचन आहे. अक्का मैसूरची. लग्न होऊन इकडे आली आणि दुपारचे डबे करायला लागली. मदतीला मी आणि पार्वतीमावशी. मी मूळची संगमेश्वरची. मावशी जुन्या भाईंदरची, कोळीवाड्यातली. आठवडाभर साधा डबा असतो, पण शनिवारी फक्त बिसी बेळे भात. बिसी म्हणजे गरम, बेळे म्हणजे डाळ. तूरडाळ, तांदूळ, भाज्या, चिंच, वर अक्काचा घरी कुटलेला मसाला आणि तुपाची धार.

पहिल्याच शनिवारी मावशीने पातेल्यात डोकावून निकाल दिला, "मंजे खिचडीच ना!"

अक्काने झारा खाली ठेवला. "पार्वती, खिचडी पोट बिघडल्यावर करतात. हे पोट बिघडलं तरी चालेल म्हणून खातात!"

तरी मावशीचा विश्वास बसला नाही. "नाव मोठं ठेवलंय. कायतरी लपवतेय," असं मला बाहेर येऊन म्हणाली.

*

माझा पहिला संशय मसाल्यावरून. अक्का म्हणाली, "सुनीता, मीरा रोडला जातेस ना? स्टेशनजवळच्या साउथच्या दुकानातून मराठी मोग्गू घेऊन ये."

मला वाटलं, ही माझी मस्करी करतेय. मी मराठी, अख्खा जन्म स्वयंपाकात गेला, आणि मला माहीत नसलेला मराठी मसाला असेलच कसा? खात्री करायला गावी आईला फोन लावला.

"आई, मराठी मोग्गू माहितीय का गं?"

आईने आवाज खाली आणला, "कोणाचा मुलगा तो? आपल्यातलाच आहे ना?"

दुकानात गेले तर तिथेही तेच. "भैया, मराठी मोग्गू है क्या?" दुकानदाराने माझ्या मंगळसूत्राकडे बघितलं. "दीदी, मराठी तो आप हो. आपके घर में नहीं मिलता?"

शेवटी पुडी हातात आली. उघडून बघितलं तर काळपट, जाड, लवंगेसारखी दिसणारी कळी. मावशीने ती उलटीसुलटी करून बघितली, हुंगली आणि म्हणाली, "ही लवंगेची आजी हाय!"

याला मराठी का म्हणतात, ते अक्कालाही सांगता येत नाही. मला अजून वाटतं, तिला माहीत आहे.

*

आमच्या वरच्याच मजल्यावर कोठारीभाई राहतात. जैन आहेत. त्यांच्यासाठी अक्का वेगळं पातेलं ठेवते. कांदा नाही, लसूण नाही, गाजर-बटाटा नाही, फक्त फरसबी, मटार आणि सिमला मिरची. झारासुद्धा वेगळा.

तरी कोठारीभाई डबा न्यायला स्वतः खाली येणार, दारातच उभं राहून नाकाने दोनदा हवा ओढणार आणि विचारणार, "अक्का, ये प्याज की स्मेल कहाँ से आ रही है?"

"भाई, वो हिंग है."

"नहीं नहीं, हिंग की अलग होती है. ये प्याज ही है. मैं पहचानता हूँ ना!"

अक्का दर वेळी पातेलं दाखवायची, शपथा घ्यायची. एका शनिवारी मावशीचा पेशन्स संपला. हात पुसत पुढे आली.

"शेठ, तुमने जनम में कांदा नय खाया ना?"

"कभी नहीं!"

"फिर वास कैसा पैचानता?"

कोठारीभाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर गेले. त्यानंतर डबा न्यायला त्यांचा मुलगा येतो.

*

मध्ये अक्काला संशय आला की मसाला लवकर संपतोय. तिने काही विचारलं नाही. नुसती बरणी आमच्यासमोर मोठ्याने आपटून ठेवायची.

मग मावशीच्या नातवाचं बारसं झालं. अक्का बारशाला जाऊ शकली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी झबलं आणि मला बरोबर घेऊन मावशीच्या घरी निघाली. मावशीला कळवलं नव्हतं. आम्ही दारात पोचलो आणि दोघींनाही एकदम वास आला. धणे, दालचिनी, खोबरं... शनिवारचा वास! आणि त्याच्यात मिसळलेला सुकटीचा.

चुलीवर भात रटरटत होता. अक्काचा बिसी बेळे, भाज्यांच्या जागी सुकट!

मावशी पांढरी पडली. "अक्का, चोरलं न्हाय हां. बरनी धुवायच्या आधी झटकून आनला. पोरं शनवारी वास घेऊन विचारतात, आमाला कदी?"

अक्का कडक शाकाहारी. अंड्याचं टरफल दिसलं तरी रस्ता बदलते. मला वाटलं, आता मावशीची नोकरी गेली. अक्काने नाकाला पदर लावला, दोन पावलं पुढे गेली आणि लांबूनच पातेल्यात वाकून बघितलं.

"पार्वती," ती पदराआडून म्हणाली, "पातळ झालाय. डाळ वाढव."

पुढच्या शनिवारी मसाल्याची एक छोटी बरणी मावशीच्या पिशवीत होती. कुणी ठेवली, ते आम्ही विचारलं नाही.

*

शेजारच्या विंगमधल्या एक मॅडम दर शनिवारी ऑर्डर द्यायच्या आणि संध्याकाळी फोन करायच्या. "अक्का, आज दालचिनी जास्त होती का? खसखस भाजून घेता की कच्ची?"

"ही रेसिपी चोरतेय," अक्का म्हणाली. एकदा वैतागून तिने मॅडमना हळू आवाजात सांगून टाकलं, "कुणाला बोलू नका. शेवटी चिमूटभर कॉफी पावडर घालायची!"

आम्ही हसून हसून बेजार.

महिनाभरात मॅडमनी स्वतःचे डबे सुरू केले. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला, 'ओरिजिनल मैसूर टेस्ट, सीक्रेट कॉफी टच!' लोक तुटून पडले. अक्काने माझ्या नावाने एक डबा मागवला. एक घास खाल्ला. मग दुसरा.

त्यानंतरच्या शनिवारी भाताला वास जरा वेगळा आला. मी आणि मावशीने एकमेकींकडे बघितलं. विचारायची हिंमत अजून झालेली नाही.

*

शेवटचा अण्णांचा.

अण्णा म्हणजे अक्काचे मिस्टर. रिटायर झालेले, कमी बोलणारे. पातेलं उतरवायच्या आधी अक्का चमचाभर भात बशीत घालून त्यांना देते. ते डोळे मिटून खातात आणि म्हणतात, "सरी इदे." म्हणजे बरोबर आहे. मगच डबे भरायचे.

मावशी एकदा माझ्या कानात म्हणाली, "ह्या मानसाला चव लागत न्हाय."

"काहीतरीच काय!"

"कोविड झाला तवापासून बग. आदी कदी चिंच घाला म्हनायचे, कदी गूळ. आता नुसतं सरी, सरी."

त्या शनिवारी अक्का फोनवर होती. पातेल्यात अजून मीठ पडलं नव्हतं. मावशीने बशी भरली आणि अण्णांना नेऊन दिली. अण्णांनी डोळे मिटले.

"सरी इदे."

मावशीचा चेहराच उतरला. आपला संशय खरा निघावा असं तिला वाटत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या शनिवारी अण्णा आतल्या खोलीत पूजेला बसलेले बघून तिने अक्काला सांगितलंच. अडखळत, झाडूशी चाळा करत.

अक्का ढवळत राहिली. "माहीत आहे मला."

"कवापासून?"

"हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हापासून. उप्पिटात मीठ विसरले होते मी. म्हणाले, छान झालंय."

"मंग रोज बशी कशाला देते?"

"नाही दिली तर मला कळलंय हे त्यांना कळेल ना!"

"आनि चव कोन बगतं?"

"मी. ते यायच्या आधी."

आतून घंटी वाजली. पूजा संपली. आम्ही तिघी पटापट कामाला लागलो. त्या गडबडीत अक्काचं चव बघायचं राहूनच गेलं. अण्णा आले, नेहमीच्या जागी उभे राहिले. अक्काने बशी दिली. त्यांनी डोळे मिटले, आणि या वेळी बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

अक्काचा झारा थांबला. मावशीने सरळ पातेल्यात बोट बुडवलं. अक्का ते कधी करू देत नाही, पण आज तिचं लक्षच नव्हतं. मावशीने बोट चाटलं आणि माझ्याकडे बघितलं.

कमीच होतं!