उलट्या कडव्यांचं गाणं

आमच्या शिवणकाम करणाऱ्या आत्याची जीभ कात्रीपेक्षा धारदार. तिची धाकटी बहीण वारल्यापासून मात्र दोघींचं लाडकं गाणं ती पार विसरली होती. किती आठवलं तरी एकही ओळ सापडेना. परवा दुपारी मी शर्टाचं माप द्यायला गेलो, तेव्हा रेडिओवर नेमकं तेच लागलं. आत्या इतकी हरखली की मशीन थांबवून गाऊ लागली. एकाएकी ती गाता गाता थबकली. रेडिओवर दुसरं कडवं आधी आलं होतं. ही चूक फक्त बहीण करायची आणि त्यावरून दोघी कडाकडा भांडायच्या.

"आत्या, रेडिओचा प्लग तर खाली लोंबतोय!" मी कुजबुजलो.

"गप रे मेल्या! रुसून थांबेल ती," म्हणत आत्या जन्मात पहिल्यांदा बहिणीच्या क्रमाने गाऊ लागली.