डॉक्टरीणबाईंचं मद्रास

दिघ्याच्या डॉक्टरीणबाईंना त्यांच्याच दवाखान्याच्या विश्वस्तांनी फसवलं. मी वाशीच्या बाजारात बटाटा विकतो. दिलेला शब्द फिरवणं म्हणजे काय, ते मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

बाईंची एक सवय होती. तपासताना पोर रडायला लागलं की आया बिस्किट काढायच्या. बाई हात आडवा धरायच्या. "रडू दे गं. तोंड आपोआप उघडतं, घसा दिसतो."

तेव्हा मीही दिघ्याच्या वस्तीतच राहायचो. माझी धाकटी अशीच रडत असताना त्यांना तिच्या घशात करडा पडदा दिसला. घटसर्प. आदल्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरनं सर्दी म्हणून परत पाठवलं होतं. मी तिथंच त्याचा उद्धार सुरू केला.

"शेठ, भांडण नंतर. आधी गाडी काढा."

गाडी म्हणजे बटाट्याचा टेम्पो. पोरीला मांडीवर घेऊन बाई त्यातूनच मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात आल्या. पोर वाचली.

विश्वस्तांनी बाईंना शब्द दिला होता : दिघ्याचा दवाखाना दोन वर्षं सांभाळा, मग मुलांच्या संसर्गजन्य आजारांचं खास शिक्षण घ्यायला तुम्हाला मद्रासला पाठवू. बाईंनी त्याचा ध्यास घेतला होता. "अर्ध्या तापांना मी अंदाजानं औषध देते, शेठ," त्या म्हणायच्या. "चुकलं तर पोर जातं." मद्रासला भाकरी मिळणार नाही म्हणून साताऱ्याकडच्या या बाईंनी दोन्ही वेळा भात खायची सवय लावून घेतली. हसू नका. तयारी करणारं माणूस असंच करतं.

जागा आली आणि नाव लागलं एका विश्वस्ताच्या जावयाचं. तोही डॉक्टर, पण दिघा त्यानं गाडीच्या काचेतून पाहिलेला.

मी चार हमाल घेऊन विश्वस्तांच्या ऑफिसकडे निघालो. वाटेत बघतो तर बाई त्याच जावयाला वस्तीत फिरवतायत. "हे पुरळ बोटानं दाबून बघा. याच्या बरगड्या बघा, श्वास घेताना कशा आत जातात."

मी बाईंना बाजूला घेतलं. "याला कशाला शिकवता?"

"कोरा गेला तर तिथं विचारणार काय? शेवटी परत इथंच येणार ना."

"येईल असं वाटतं तुमाला?"

"शेठ, सगळेच काय बाजारातले नसतात."

जावई मद्रासहून शिक्षण घेऊन आला आणि त्यानं वाशीत एसी दवाखाना थाटला. दिघ्यात एकदाही पाऊल टाकलं नाही. पुढच्या खेपेला बाईंनी पुन्हा अर्ज केला, तेव्हा त्यांचं वय नियमात बसेना. कोणाशी एका शब्दानं भांडल्या नाहीत. गावाकडच्या सरकारी दवाखान्यात नोकरी धरली.

निघायच्या दिवशी आमच्याकडे आल्या, तर धाकटीनं त्यांच्या चपला लपवल्या. बाईंनी शोधल्या नाहीत. पायरीवर टेकल्या, आणि पोरगी स्वतः चपला घेऊन येईपर्यंत बसून राहिल्या.

दिघ्याच्या दवाखान्याला आता कुलूप आहे. बाया तापलेली पोरं घेऊन येतात, कुलूप बघतात आणि रिक्षा शोधत रस्त्याला लागतात.

विश्वस्त बाजारात भेटले की मला नमस्कार करतात. तो नमस्कार मला नको. दिघ्याच्या पोरांना आता कोणी बघायचं, याचं उत्तर हवं. तेही मला देऊ नका, विश्वस्तांनो. त्या कुलपापाशी उभे राहा, आणि कडेवर पोर घेऊन आलेल्या पहिल्या बाईला द्या.